वायपर नाही म्हणतो

गॅरेजमध्ये वस्तादनं ड्रायव्हरच्या सीटच्या बोल्टला पाना लावला आणि पिकअपचा वायपर हलला.

एकदाच हलला. सावकाश वर उठला, या बाजूला झुकला, त्या बाजूला झुकला आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन निजला. बाहेर लख्ख ऊन होतं. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. गाडीची किल्ली धाकट्याच्या खिशात होती.

वस्तादनं पाना काढून घेतला, पुसला आणि फडक्यात गुंडाळला.

"धाकटे, पाहिलंत?"

"वारा असेल."

"वाऱ्यानं झाडं हलतात. वायपर हलवायला मोटर लागते."

बाजूच्या सीटवर धाकट्याची आई मटार सोलत बसली होती. 'तुमचं चालू द्या, मी मध्ये येत नाही' असं म्हणून ती सकाळपासून तिथं बसली होती ती हललीच नव्हती. तिनं हातातली शेंग तशीच धरली आणि काचेकडे बघत हळूच म्हणाली, "हे नाही म्हणतायत."

'हे' कोण, ते विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

पिकअप थोरल्या काचवाल्यांची. खिडक्यांना काचा बसवणं हा त्यांचा धंदा, आणि काचा वाहायला ही गाडी. ती किती चालली होती ते सांगणं अवघड. अंतर मोजणारा आकडा सगळे नऊ ओलांडून परत शून्यावर आला होता, तोही एकदा नव्हे, दोनदा. वस्ताद म्हणायचा, "ही दोनदा म्हातारी झाली, आता तिसरा जन्म चालू आहे." थोरले मात्र एकदाच म्हातारे झाले आणि गेले. गाडी मुलाकडे आली. बाजारात बापाला थोरले म्हणत म्हणून मुलगा धाकटा. थोरले गेल्यावरही तो धाकटाच राहिला. डोक्यावर टक्कल पडायला लागलं तरी.

आता वायपरचं. काचवाल्याचा निम्मा जन्म तोंडात खिळे धरून जातो. चौकटीत काच बसवताना एक हात काचेवर, दुसरा हातोडीवर. मग खिळे ठेवायचे कुठं? ओठांत. त्यामुळे थोरल्यांची बोलायची सवयच गेली होती. 'हो' म्हणायचं असलं की घशातून 'हूं' यायचं. 'नाही' म्हणायचं असलं की उजव्या हाताचं बोट वर व्हायचं, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि खाली. घराचा रंग, पोराची शाळा, सुनेचं स्थळ, सगळा संसार या दोन उत्तरांवर चालला. पुढं पुढं तोंडात खिळे नसले तरी तेच. शेवटच्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काही हवंय का?" तेव्हा चादरीवरचं बोट उठलं, इकडं झालं, तिकडं झालं, आणि खाली आलं. ते पुन्हा उठलं नाही.

आणि पिकअपला वायपर एकच उरला होता. दुसरा कधीच गळून पडला होता. उरलेल्याचं रबर झिजून नुसती काळी बारीक दांडी राहिली होती, मधोमध पेरासारखी गाठ. दुसऱ्या कुणाच्या घरी वायपर असा हलला असता तर त्यांनी वायरमन बोलावला असता. या घरानं सगळा जन्म एक बोट वाचण्यात घालवला होता. त्यांनी ते वाचलं.

आता गाडीत फेरफार करायची ही वेळ धाकट्यावर हौसेनं आली नव्हती. थोरले गेल्यापासून गिऱ्हाईक एकेक करून पलीकडच्या चौकातल्या काचवाल्याकडे चाललं होतं. त्याची गाडी नवी होती. धाकट्याच्या दुकानात लोक येत ते फुटलेल्या खिडकीचा एखादा तुकडा बसवायला. अशात नाचाचा वर्ग चालवणाऱ्या बाई आल्या. त्यांना वर्गाच्या भिंतीभर आरसे हवे होते, जमिनीपासून छतापर्यंत. एवढं मोठं काम थोरल्यांच्या वेळीही आलं नव्हतं. ते झालं असतं तर दुकान उभं राहिलं असतं. नाही तर शटर ओढायचं आणि पलीकडच्या चौकात नोकरी मागायला जायचं.

आरसे पिकअपमध्ये मावत नव्हते, एवढीच अडचण. काचा तिरक्या उभ्या करून ठेवायला मागं एक लाकडी चौकट होती, तिला घरात घोडी म्हणत. घोडी आरशांना बुटकी पडत होती. ती उंच करायची तर वस्ताद म्हणाला केबिनवरून लोखंडी कमान घ्यावी लागेल. कमान म्हटली की मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जाड पाहिजेत. पाटे जाड म्हटले की गाडी उचलणार, मग चाकं मोठी. चाकं मोठी म्हणजे इंजिनाला धाप लागणार, मग इंजिन. "आणि एवढं करतोय तर ही सीट कशाला ठेवायची?" धाकटा म्हणाला होता.

सीटवर त्याचा राग होता. थोरले डाव्या कुशीवर कलून गाडी चालवत; तिथं सीटला त्यांच्या अंगाचा खड्डा पडला होता. ते जाऊन इतके महिने झाले तरी खड्डा भरून आला नव्हता. धाकटा सरळ बसला की हळूहळू त्यात घसरायचा आणि दुकानी पोचेपर्यंत डाव्या कुशीवर कललेला असायचा. बाहेरचा आरसा तो रोज आपल्या उंचीला लावायचा. रोज सकाळी तो थोरल्यांच्या उंचीला असायचा आणि त्यात धाकट्याला स्वतःचं नुसतं कपाळ दिसायचं.

"नटबोल्ट ढिले आहेत," तो स्वतःला सांगायचा. आवळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाळ.

वायपर हलल्यावर वस्तादनं सीटला हात लावायचं नाकारलं. "थोरले माझे दोस्त. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही."

"ते शब्द बोलायचेच कुठं, वस्ताद?"

"म्हणून तर कधी भांडण झालं नाही."

"बरं, सीट राहू द्या. इंजिन तरी उतरवा."

वस्तादनं बॉनेट उघडलं. वायपर उठला, इकडं झाला, तिकडं झाला. वस्तादनं बॉनेट लावून टाकलं. "गाडी घरी न्या. आधी घरात ठरवा, मग आणा."

घरी ठरवायचं म्हणजे बायकोपुढं, थोरल्यांच्या सुनेपुढं बोलायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, गाडी बोलत नसते. बाबांनी सगळं वायरिंग स्वतःच्या हातानं केलेलं. कुठली वायर कुठं चिकटते देव जाणे. तो हॉर्न बघा, बाबा असतानाच मेला होता. त्याचं काही वाटलं नाही, आणि वायपरला घाबरताय?"

"घाबरतंय कोण? पण तो बरोबर वेळेला हलतो."

"बंद घड्याळ पण कधीतरी बरोबर वेळ दाखवतं. थांबा, मीच विचारते."

पिकअप दारासमोर उभी होती. ऊन उतरलं होतं आणि सासू नेहमीसारखी बाजूच्या सीटवर जाऊन बसली होती. थोरले गेल्यापासून ती रोज संध्याकाळी तिथं बसायची. आत काचेची भुकटी, डिझेल आणि लांबीचा वास कोंडून राहिलेला असायचा. खिडकीत काच पक्की बसवायची ती लांबी. थोरल्यांच्या सदऱ्यालाही तोच वास. रिकाम्या सीटकडे तोंड करून ती दिवसभराचं काय काय सांगायची. शेजारी लांबून बघायचे आणि आवाज न करता जायचे.

सून गाडीपुढं उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "काय हो बाबा, मी परत नोकरीवर जाऊ का? कारखान्यातून दोनदा बोलावणं आलंय."

तिला हसू येत होतं. ते ओठांवरच राहिलं. वायपर वर उठला. या वेळी जरा जास्तच सावकाश. इकडं. तिकडं. खाली.

सासूच्या मांडीवरचं भांडं निसटलं आणि मटार गाडीभर झाले. तिचं तोंड लाल झालं. "अगं बाई," ती पुटपुटली आणि पायाकडे बघत राहिली. सुनेनं ते पाहिलं, आणि हा नकार सासूच्याच मनातला, असं तिनं धरून घेतलं. ती आत निघून गेली. त्या दिवसापासून सासू-सुनांचं बोलणं 'जेवायला वाढलंय' आणि 'दार लावून घ्या' एवढ्यावर आलं.

गोष्ट घरात राहिली असती तर बरं झालं असतं. पण शेजारच्या शिंप्यानं खिडकीतून सगळं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गळ्यात टेप घालून आला.

"वहिनी, सहज विचारतो हं. कोपऱ्यावरचं दुकान भाड्यानं मिळतंय. घेऊ?"

"भाऊजी, मला काय विचारता!"

"तुम्हाला नाही, यांना."

यांनी बोट हलवलं. शिंप्यानं त्या दुकानाचा नाद सोडला. चार दिवसांनी त्या दुकानाचं छत खाली आलं. आत कुणी नव्हतं. शिंपी रस्त्यात उभा राहून त्या ढिगाऱ्याकडे बघत होता, गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरून.

मग काय विचारता. एक दूधवाला आला. एक निवृत्त मास्तर आले, त्यांना दात काढावा की नाही ते हवं होतं. दोन बहिणी आल्या, त्यांचं आपसातच एकमत होईना, त्या काचेपुढंच भांडायला लागल्या. लोक गाडीजवळ आले की आपोआप हळू बोलत, पाय न वाजवता चालत, जसं आत कुणी आजारी माणूस झोपलंय. गाडी कुणाला 'नाही' म्हणायची, कुणाला काहीच म्हणायची नाही. गप्प राहिली की लोकांना जास्त भीती वाटायची. आणि या सगळ्यात धाकट्याची आई बाजूच्या सीटवर अवघडून बसलेली, चेहरा उतरलेला. एकदा रात्री ती कापडाची पट्टी टाचेभोवती घट्ट बांधताना धाकट्याला दिसली.

"पाय दुखतोय का आई?"

"थरथरतो रे. म्हातारपण." आणि तिनं नजर चुकवली.

शेवटी नाचाच्या बाई स्वतः आल्या. सरळ पाठीची, ठाम पावलं टाकणारी बाई. गाडीभोवतीची कुजबुज त्यांनी ऐकली.

"हे काय चाललंय?"

"काही नाही बाई. गाडीचं काम काढलंय. ठरतंय."

"कोण ठरवतंय?"

निवृत्त मास्तरांनी आदबीनं वायपरकडे हात केला.

बाईंनी वायपरकडे बघितलं, मग धाकट्याकडे. "हे बघा, मला आरसे शनिवारी भिंतीवर हवेत. तुम्ही गाडीला विचारून धंदा करत असाल तर मी पलीकडच्या चौकातल्या माणसाला विचारते. तो निदान तोंडानं बोलतो." जाता जाता त्यांनी गाडीच्या बाहेरच्या आरशात सवयीनं केस सावरायला बघितलं, आणि थबकल्या. क्षणभर मागं वळून रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं. मग चालायला लागल्या, आल्या होत्या त्याहून जरा भरभर.

शुक्रवारी दुपारी धाकट्यानं पिकअप गॅरेजला आणली. आई शेजारी होतीच. सूनही आली होती, मागं घोडीला धरून, कारण पुढं सासूशेजारी बसायची तिची तयारी नव्हती.

"आई, उतर," धाकटा म्हणाला. "आज सगळं होणार. सीट निघणार, इंजिन निघणार. वायपर हलो नाही तर नाचो. बाबा गेले आई. मला दुकान चालवायचंय."

आई उतरली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. "उतरते. आधी एक सांगते, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. वायपर मी हलवत होते."

वस्तादच्या हातातला पाना खाली पडला.

"यांचा खांदा धरला ना, तेव्हा यांना वायपरच्या खटक्यापर्यंत हात नेववेना. मग यांनी माझ्या पायाखाली बटण बसवलं. पाऊस आला की हे नुसते 'हूं' करायचे, मी टाच दाबायची. असे आम्ही कितीतरी पावसाळे हिंडलो. त्या दिवशी वस्तादभाऊजींनी सीटला पाना लावला, आणि माझ्यानं बघवेना. दाबली टाच. इंजिनाच्या वेळीही मीच. ही गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी नवी नवरी होते रे."

"आणि शिंप्याचं? मास्तरांच्या दाताचं?"

"देवाशप्पथ, ते मुद्दाम नाही. ही मेली टाच थरथरते. कधी मी दाबलं आणि कधी आपोआप लागलं, माझं मलाच कळेना. म्हणून तर बांधून ठेवायला लागले." ती सुनेकडे वळली. "तुझ्या वेळी तर माझ्या मनातही नव्हतं गं. तू जावंस असंच मला वाटत होतं. पण सांगायला गेले तर सगळंच सांगावं लागलं असतं."

सून फस्सकन हसली. वस्ताद हसायला लागला. धाकटाही हसला, पंधरवडाभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा तसं त्याला झालं. "आई, कमाल केलीस! शिंपी तुला नारळ द्यायला निघालाय."

आईसुद्धा लाजून हसली. "घ्या बाबा, करा काय करायचं ते. यांचं नाव घेऊन मीच अडवत होते. आता नाही अडवणार."

धाकट्यानं वाकून तिच्या पायाखालची रबरी चटई उचलली. बटण होतं. दाराच्या घंटीचं असतं तसं, पांढरं, मधे टाचेनं झिजलेलं. त्यातून निघालेली वायर चटईखालून वीतभर गेली होती.

आणि तिथं संपली होती.

उंदरानं कुरतडलेली. आजकालची नव्हे. तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज धरला होता, आणि त्या टोकांवर लांबीचा एक गोळा पडून, वाळून, दगड झाला होता. त्या गोळ्यावर थोरल्यांच्या अंगठ्याचा ठसा होता.

धाकट्यानं वर पाहिलं. खिडकीतून वाकलेल्या वस्तादनंही पाहिलं होतं. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण आतून विझलं होतं. मग धाकट्यानं चटई होती तशी ठेवली, कडा नीट दाबून.

"दिसलं बटण?" आईनं विचारलं.

"दिसलं."

"मग?" वस्ताद घसा साफ करत म्हणाला. त्यानं पाना उचलला होता, पण तो लांब धरला होता. "सगळं करायचं ना?"

धाकटा उठून काचेपुढं आला. "एकदा... विचारून घेऊ."

"आता कुणाला विचारताय?" सून म्हणाली. "आईंनी सगळं सांगितलं ना?"

"विचारू दे गं त्याला, बापाच्या मागं पहिलंच मोठं काम आहे," आई म्हणाली. "हे बघ, मी पाय वर घेते. म्हणजे कुणाला संशय नको." तिनं दोन्ही पाय सीटवर घेतले, मांडी घातली आणि वरून पदर ओढून घेतला.

पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप रिकाम्या सीटवर, त्या खड्ड्यात पडली होती. तिच्यात धूळ तरंगत होती आणि एका जागी मात्र तरंगत नव्हती.

"बाबा," धाकटा काचेला म्हणाला, आणि आवाज त्याला वाटला त्यापेक्षा लहान निघाला, "घोडी तेवढी उंच करू?"

बॉनेटखालून आवाज आला. थोरले असतानाच मेलेला तो हॉर्न. तो वाजला नाही. घशातल्या घशात, ओठ मिटून, कुणीतरी तोंडात खिळे धरून म्हणावं तसा म्हणाला, "हूं."

सुनेनं नवऱ्याचा दंड धरला.

"इं... इंजिन?"

वायपर उठला. इकडं. तिकडं. खाली.

"आणि ही सीट?"

वायपर अजून खाली पुरता टेकलाही नव्हता. तो तिथूनच परत उठला, जरा रागानं, आणि दोनदा हलला.

सगळ्यांनी आईच्या पायांकडे बघितलं. पाय वर होते. आईनंही पदर बाजूला करून आपल्या पायांकडे बघितलं, एकेका टाचेला हात लावून पाहिलं, जशी ती दुसऱ्या कुणाची आहे. मग तिनं मान हळूहळू वळवली आणि रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं. वस्ताद दोन पावलं मागं सरकला. आता ही किंचाळणार किंवा भोवळ येऊन पडणार, असं त्याला वाटलं.

"अहो," आई म्हणाली, "म्हणजे पोरीला नोकरीला नाही म्हणालात, ते तुम्ही होय?"

गाडी गप्प.

"पंधरा दिवस ती माझ्याशी धड बोलत नाही! मी आपली टाचेला दोष देत्ये, पट्ट्या बांधत्ये, रात्र रात्र झोप नाही. आणि तुम्ही इथं बसून बोटं हलवताय! जिवंत होतात तेव्हा तुमचं सगळं ऐकलं. आता नाही ऐकायची. सीट राहील, इंजिन राहील, ते मलाही हवंय. पण पोरगी कामावर जाईल. सोमवारपासून जाईल. कळलं?" आणि तिनं आपल्या उजव्या हाताचं बोट वर केलं, काचेपुढं धरलं, आणि एकदा इकडं, एकदा तिकडं हलवून खाली घेतलं. सगळ्या संसारात तिनं ते बोट पहिल्यांदाच उचललं होतं.

वायपर अर्धवट उठला. थांबला. पुन्हा खाली बसला.

मग बॉनेटखालून, अगदी बारीक आवाजात, नाइलाजानं आलं, "हूं."

"वस्तादभाऊजी," आई पाय खाली सोडत म्हणाली, "तुमची ती कमान बिमान काही नको. घोडी तेवढी उंच करा, आणि उद्या हा हळूहळू नेईल आरसे. हे बसलेत ना गाडीत, जोरात जाऊच देणार नाहीत."